परसात उभा असलेला

दार लोटून घ्या आणि जरा जवळ सरका, म्हणजे मला मोठ्यानं बोलावं लागणार नाही. ज्याची ही गोष्ट, त्यानंच घासलेल्या काचा आज माझ्या नाकावर आहेत. चष्मेवाला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मैत्री बरोबरीची. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून.

जानेवारीतला शेवटचा गुरुवार. थंडी मरणाची. दुकान बंद करून तो निघाला, पण घरी नाही, थेटरकडे. काम साधंच होतं. बायकोचा चष्मा सिनेमा बघताना खुर्चीत राहिला होता, तो आणायचा. चष्मेवाल्याचीच बायको चष्मा विसरली म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीनं भरपूर थट्टा केली होती. तोही हसला होता. वरवर.

नवा चष्मा करून द्यायला त्याला कितीसा वेळ लागणार? पण त्याला तो सिनेमा बघायचा होता. दुसऱ्या दिवशी सिनेमा बदलणार होता.

झालं होतं असं. आठवड्यापूर्वी त्या दोघी नणंदा-भावजया दुपारच्या खेळाला गेल्या. सिनेमा भुताखेतांचा नव्हता की मारामारीचा नव्हता. एका घरात एकटीच राहणारी बाई, एवढीच गोष्ट. नणंद म्हणाली रटाळ, आणि रात्री दोन घास जास्तच जेवली. भावजयीच्या मात्र घशाखाली घास उतरेना. दूध उतू जायचं आणि ही समोर नुसती उभी. शेवटी यानं विचारलं, तेव्हा म्हणाली, त्यातला एक माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही.

कोण माणूस? तर घरामागच्या परसात उभा असतो. खिडकीकडे बघत. बोलत नाही, बोलावत नाही. तिला बघवेना म्हणून तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. पडदा सगळा पुसट झाला आणि तो तेवढा स्वच्छ दिसत राहिला.

"कुणाची इतकी वाट बघणारं माणूस मी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली.

आपला चष्मेवाला संशयी नव्हता. लग्नाला चौदा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, दोघांना दोघंच. पण ते वाक्य त्याला डोळ्यातल्या कुसळासारखं खुपायला लागलं. चौदा वर्षांत आपण हिची वाट कधी पाहिली? रोज तीच तर जेवायची थांबायची. मग याच्या चौकशा सुरू झाल्या. वय काय त्याचं? देखणा आहे? उंच? तिनं विचार करून सांगितलं, उंचीनं तुमच्याएवढाच असेल.

झालं. हा रोज दाढी करायला लागला. रात्री इस्त्रीचा शर्ट घालून जेवायला बसायला लागला. पडद्यावरच्या माणसाशी चढाओढ! हसा, मीही तेव्हा हसलो होतो. तो हसला नाही.

मंगळवारी रात्री ती झोपेत म्हणाली, "अहो..."

हा जागाच होता. म्हणाला, "काय गं?"

तिनं कूस बदलली. आणि डोळे मिटलेलेच ठेवून जरा वैतागून म्हणाली, "तुम्हाला नाही."

म्हणून तो गुरुवारी शेवटच्या खेळाला जाऊन बसला. अख्ख्या थेटरात दहा-बारा माणसं. पडद्यावर ते घर आलं, ती बाई आली. खिडकी आली, खिडकीतून परस दिसलं. हा पुढे वाकला. परस रिकामं. दोरीवर एक टॉवेल, बस. पुन्हा खिडकी आली, पुन्हा रिकामं. आता येईल, मग येईल, असं करत त्यानं त्या माणसाची शेवटपर्यंत वाट पाहिली. दिवे लागले, तरी तो आला नव्हता.

डोअरकीपरनं टेबलाच्या खणातून चष्मा काढून दिला. यानं जाता जाता विचारल्यासारखं विचारलं, की परसात उभा राहतो तो नट कोण? डोअरकीपर म्हणाला, असा कुणी नाहीच. दोन आठवडे रोज बघतोय, सगळ्या सिनेमात एकटी बाई आहे. मग त्यानं याच्याकडे नीट पाहिलं.

"विचारायला आलेले तुम्ही तिसरे," तो म्हणाला. "आधीचे दोघंही नवरेच होते."

"मग? त्यांचं काय झालं?"

डोअरकीपरनं खण बंद केला. एकेक दिवा मालवत आत निघून गेला.

रस्त्यानं चालताना आधी याला हलकं वाटलं. माणूस नाहीच म्हटल्यावर भांडण कुणाशी? पण गल्लीपर्यंत येता येता मन उलटं फिरलं. सिनेमातला असता तर तो सगळ्यांचा असता. आता तो एकट्या तिचा होता. तिच्याखेरीज कुणाला दिसतही नव्हता.

साडेबारा झालेले. पुढचं दार वाजवायचं सोडून तो घराला वळसा घालून मागे गेला. चोरासारखा. स्वतःच्याच परसात.

स्वयंपाकघरात दिवा होता. ती खिडकीशी उभी होती. केस विंचरलेले. लग्नातल्या फोटोत आहे तसा चेहरा. चौदा वर्षांत तिनं याच्याकडे असं बघितलं नव्हतं. आता बघत होती. याचा ऊर भरून आला. त्यानं हात वर केला.

तिची नजर हलली नाही.

ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या जरा डावीकडे बघत होती. जेमतेम हातभर. त्याच्याच उंचीला.

चष्मा याच्या खिशात होता. चष्म्याशिवाय तिला तिथून दोरीवरचे कपडेही दिसत नसत.

त्यानं मान वळवली नाही. वळवताच येईना.

डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश... कसलीच घाई नसल्यासारखा.

तिनं मागच्या दाराची कडी काढली. दार उघडलं.

"अहो," ती म्हणाली, "आत या ना."

यानं पाऊल उचललं.

शेजारीही पाऊल वाजलं.

मला म्हणाला, भीती तर होतीच. पण त्या भीतीच्या वर मत्सर चढला. हा माझ्या घरात जाणार? माझ्याआधी? आणि तो धावला. तिला ढकलतच आत घुसला, दार लावलं, कडी घातली, पाठ लावून उभा राहिला.

बाहेर... काही नाही. कुणी दार वाजवलं नाही. कुणाचं परतणारं पाऊलही वाजलं नाही.

ती भानावर आली. थंडीनं कुडकुडत विचारायला लागली, मी इथं कशी? हा काय सांगणार? तिला पांघरुणात घेऊन झोपवलं आणि उजाडेपर्यंत दिवा जळत ठेवून बसला.

आता सगळं ठीक आहे म्हणतात. ती जेवते, हसते. त्या सिनेमाचा विषय निघाला तर म्हणते, रटाळच होता. हा रोज वेळेवर घरी येतो. फक्त तिनं "अहो" म्हटलं, की लगेच ओ देत नाही. जरा थांबतो. दुसरं कुणी देतंय का, ते बघतो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं राहिलं सांगायचं.

उजाडल्यावर तो परसात गेला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर वाफेचा एक डाग होता. काच तोंडाजवळ धरून कुणी श्वास सोडल्यावर उमटतो तसा, वाटोळा. बरोबर याच्या तोंडाच्या उंचीला. ज्याचा जन्म काचा पुसण्यात गेला, त्यानं खिशातलं फडकं काढलं आणि पुसायला लागला. डाग जाईना. जोर लावला, तरी जाईना. बघता बघता डाग पुसट व्हायचा... आणि पुन्हा दाट व्हायचा.

मग त्याचा हात थांबला.

डाग काचेच्या आतल्या बाजूला होता.