अठरा किलोमीटर

जुनी स्कूटर घ्यायला गेलात, तर आधी इंजिनला हात लावून बघा. गार असलं पाहिजे. गिऱ्हाईक येण्याआधीच विकणाऱ्याने ते तापवून ठेवलं असेल, तर काहीतरी लपवायचं आहे असं समजा. नाम दिन्ह शहरात चोवीस वर्षं गॅरेज चालवून मला आलेलं शहाणपण ते एवढंच. धाकट्या बहिणीसाठी मी तेच वापरायला गेलो.

झुएनचा नवरा तोआन फेब्रुवारीत रेल्वे फाटकावर अपघातात गेला. तेव्हापासून ती पेजेचे दोन घोट घ्यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. डोळ्यांदेखत संपत चालली होती. शिवणकारखान्यातली नोकरी तेवढी उरली होती, पण कारखाना लांब. दाराशी गाडी असली की सकाळी उठेल, चार बायकांत जाऊन बसेल, असा माझा हिशेब. दुसरं काही सुचतच नव्हतं.

चांद्र पंचांगातला सातवा महिना चालू होता, मेलेल्यांचा. या महिन्यात आमच्याकडे कुणी गाडी घेत नाही. म्हणून तर स्वस्तात मिळते.

"याच महिन्यात घेतोयस?" जुन्या गाड्या विकणारी थोआमावशी म्हणाली. "बायकोला विचारलंस का?"

"भुतं काय पेट्रोल मागतात, मावशी?"

अकरा गाड्या नाकारल्या. बारावी राखाडी होती. इंजिन गार, पहिल्या किकला चालू. सायलेन्सरपाशी पांढरा कागद धरला, तर तेलाचा एक ठिपका नाही. गाडीच्या नोंदणी कार्डावर भलत्याचंच नाव होतं, पण ते इथे सगळ्याच गाड्यांचं असतं. गाडी पाच हात फिरते, नाव पहिल्याचंच राहतं.

"वाटेत दगा नाही ना देणार?" झुएनने विचारलं.

"म्हणशील तिथे नेईल," मी म्हणालो.

मागे कुणी बसणार नव्हतं. मागची दोन्ही पायदानं गंजून घट्ट झाली होती, ती मी लाथ मारून दुमडली.

पौर्णिमेला तिने तोआनच्या नावाने कागदाची स्कूटर जाळायला घेतली. जाळलेली वस्तू मेलेल्याला मिळते, आणि ज्याची त्याला पोचावी म्हणून त्यावर नाव लिहितात. तिने नंबरही लिहिला होता.

"नंबर कशाला?"

"बिनकागदाच्या गाडीपायी पोलिसांनी त्याला किती वेळा धरलं, आठवतं ना? तिकडे तरी नको तो ताप."

"अगं, पण हा आपल्या गाडीचा नंबर आहे."

"मला दुसरा कुठे पाठ आहे, दादा?"

मी हसलो. तीही जराशी हसली. कागद भुरकन जळून गेला.

चार दिवसांनी ती म्हणाली, पेट्रोल फार पितेय गाडी. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती उठायच्या आत मी तिच्याकडे गेलो आणि इंजिनला हात लावला.

ते गरम होतं.

झुएन केस बांधत दारात आली. कुठेच गेली नव्हती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत झोप होती. किलोमीटरचा आकडा मी खडूने भिंतीवर लिहिला. ती कामावरून परत आली की नवा आकडा लिहायचो, सकाळी पुन्हा बघायचो. रात्रीत अठरा वाढलेले. दुसऱ्या दिवशीही अठराच.

तिच्या दारापासून ते फाटक नऊ किलोमीटरवर आहे. हे मी तिला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी पुढच्या चाकाला साखळी घातली आणि प्लग काढून शर्टाच्या खिशात घेऊन घरी आलो. प्लगशिवाय इंजिन चालत नाही. या एका गोष्टीवर माझा आयुष्यभर विश्वास होता.

सकाळी साखळी तशीच. आकडा अठराने पुढे.

मी तिथेच खाली बसलो. झुएनने दोघांसाठी पेज आणली. तिने वाडगा भरून घेतला, वर आणखी मागून खाल्ली. इतक्या महिन्यांनी ती पोटभर जेवत होती, आणि मला ते बघवेना.

"गाडी विकून टाकू," मी म्हणालो.

"का? चांगली आहे. तूच तर निवडलीस." तिने वाडगा पुसला. "तो नेतो आणि परत आणून ठेवतो. मी कामावर कशी जाणार, याची त्याला काळजी."

"झुएन, मला एक तूच आहेस गं. असं नको बोलूस."

"त्याला म्हणणार आहे, एवढा हेलपाटा नको घालूस."

मी प्लग बसवून दिला, ती कामावर गेली. संध्याकाळी गाडी माझ्याकडे आणायचं ठरवलं होतं. पण गाडी नेली तर उद्या ही उठेल कशाला, अशी मला भीती वाटली. साखळी घातली, प्लग काढला, आकडा लिहिला आणि गाडी तिथेच ठेवली.

सकाळी हाक मारली. ओ आली नाही.

दार आतून लावलेलं होतं. मी ते फोडलं. अंथरूण घडी करून ठेवलेलं. चपला उंबऱ्याशी.

गाडी जागेवर होती. साखळी तशीच, प्लग माझ्या खिशात.

भिंतीवरचा आकडा वजा केला. चुकलं असेल म्हणून पुन्हा केला.

नऊ.

मागची दोन्ही पायदानं उघडलेली होती.