श्रद्धांक

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या वस्तीत, सभागृहाच्या पडद्यावर आपलाच आलेख झळकलेला पाहून डॉ. नलिनी सरपोतदारांनी कपाळाला हात लावला.

हा आलेख त्यांनी वैद्यकीय विभागासाठी काढला होता. विश्वकिरणांमुळे कुणाच्या रक्तपेशींना किती इजा झाली आणि कोण कुठल्या दालनात किती वेळ असतो, एवढंच त्यात मांडलं होतं. वस्तीच्या कारभार समितीचे सभासद हरिश्चंद्र बांदेकर यांनी बाकीची सगळी दालनं गाळून एकच ठेवलं होतं : सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष. आत हवा किती सोडायची हे ठरवण्यासाठी त्याच्या दारावरचं यंत्र येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद घेई. त्या नोंदीला बांदेकरांनी नाव दिलं होतं 'श्रद्धांक'.

"श्रद्धांक वाढतो तशी इजा घटते," बांदेकर गहिवरून म्हणाले. माणूस लबाड नव्हता. जे बोलत होता ते त्याला मनापासून पटलं होतं. "हे मी म्हणत नाही, विज्ञान म्हणतंय."

"बनावट आकडे!" नास्तिकांच्या विवेक मंडळाचे सुहास दळवी ताडकन उठले.

"आकडे खरे आहेत," नलिनीबाई म्हणाल्या.

दळवींनी त्यांच्याकडे फितुराकडे बघावं तसं बघितलं, तशा त्या पुढं म्हणाल्या,

"आकडे खरे, अर्थ खोटा. प्रार्थनाकक्षाच्या डोक्यावर काय आहे? पाण्याची टाकी. अख्ख्या वस्तीचं पाणी. पाण्यातला हायड्रोजन विश्वकिरणांना अडवतो. पृथ्वीवर हे काम वातावरण करतं; इथं बाकीच्या छपरांवर नुसता मातीचा पातळ थर आहे. टाकीखाली जो बसेल तो वाचेल. मग तो जप करो नाहीतर घोरत पडो."

बांदेकर शांतपणे म्हणाले, "पण टाकी नेमकी तिथंच कशी आली?"

"नळ टाकायला तिथं सोपं होतं म्हणून!"

"सोपं कुणी केलं?"

नलिनीबाईंचा तोल सुटला. "बरं, मग धुरींचं काय? रोज सकाळी तासभर पूजा करतात, पण आपल्या खोलीत. तुमच्या हिशेबानं त्यांचा श्रद्धांक शून्य. आणि वस्तीत सगळ्यात वाईट रक्त त्यांचंच आहे!"

"मग त्यांच्या भक्तीतच कुठंतरी खोट असेल," बांदेकर म्हणाले.

बर्फखाणीचे अभियंते दत्ताराम धुरी मागच्या रांगेत बसले होते. ते उठले. खुर्ची सावकाश मागं सारून निघून गेले. नलिनीबाईंना जीभ चावावीशी वाटली.

सर्वांची अंथरुणं टाकीखाली हलवावीत, असा ठराव त्यांनी मांडला. पवित्र जागेत अंथरुणं नकोत, असं बांदेकर म्हणाले. निधर्मी वस्तीनं प्रार्थनाकक्षात झोपणं हा तत्त्वाचा पराभव आहे, असं दळवी म्हणाले. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच बाबतीत. ठराव पडला.

मग नलिनीबाईंनी आपलं टेबलच उचलून प्रार्थनाकक्षाच्या कोपऱ्यात नेलं. जो भेटेल त्याला त्या सांगू लागल्या, "काम असेल ते इथं बसून करा." हळूहळू माणसं येऊ लागली. कुणी विणकाम आणलं, कुणी पत्त्यांचा डाव मांडला. धुरी मात्र येईनात.

"जिवाच्या भीतीनं देवाच्या दारात जायचं, हे मला जमायचं नाही," ते म्हणाले.

"देवासाठी कुठं बोलावतेय? तुमचं रक्त मी चव्हाट्यावर आणलं, ते चुकलंच माझं. आता माझ्याशी बुद्धिबळ खेळायला या. इथं कुणालाच धड खेळता येत नाही."

धुरी आले. रोज येऊ लागले. वर्षअखेरीस त्यांच्याच नव्हे, जवळजवळ सगळ्यांच्याच पेशी सावरू लागल्या होत्या. नलिनीबाईंना कित्येक महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं.

तेवढ्यात बांदेकरांनी पृथ्वीवर अहवाल धाडला : नास्तिकदेखील प्रार्थनेकडे वळले असून त्यांची प्रकृती झपाट्यानं सुधारते आहे. दळवींनी लगोलग उलट अहवाल धाडला : भाविकांचे गुडघे जास्त दुखतात, सबब श्रद्धा आरोग्यास घातक. भाविकांत म्हातारी माणसं अधिक आहेत, हे त्यांनी लिहिलं नाही.

महिन्याभरानं पृथ्वीवरून दुसऱ्या वस्तीचा आराखडा आला. त्यातून छतावरची टाकी वगळली होती. एवढा भार पेलणारी बांधणी महाग पडते, आणि अनुभवाअंती ती अनावश्यक ठरली आहे. तिच्याऐवजी प्रशस्त प्रार्थनाकक्ष, आणि प्रत्येकाला रोज चार तास हजेरी सक्तीची. वस्तीप्रमुख हरिश्चंद्र बांदेकर.

नलिनीबाईंनी तातडीनं निषेध पाठवला. उत्तर आलं : 'आपला स्वतःचा श्रद्धांक वस्तीत सर्वाधिक आहे. तरीही आपण श्रेय नाकारता, यातून आपला विनयच दिसतो.'

त्या तडक बांदेकरांकडे गेल्या. ते सामान बांधत होते. शेजारी त्यांची लेक नव्या वस्तीसाठी बियाणांच्या पुड्या लावत होती.

"टाकी परत मागून घ्या. हिच्यासाठी तरी!"

"बाई, आलेख तुमचाच आहे," बांदेकर म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

"आता तरी माझ्या बाजूनं उभे राहा," असं त्या दळवींना म्हणाल्या, तर ते हसून उत्तरले, "जाऊ द्या की त्यांना. पाच वर्षांत आकडे आपल्या बाजूनं फिरतील."

"आकडे नाहीत ते! माणसं आहेत!" एवढं ओरडून त्या बाहेर पडल्या.

प्रार्थनाकक्षात धुरी पट मांडून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिथला बर्फ काढायला मलाच पाठवताहेत. पाणी माझ्या हातात असेल. छताला खालून टेकू देईन आणि पाणी कक्षाच्या डोक्यावरच साठवीन. कुणी विचारलं तर सांगेन, अभिषेकाचं आहे. बांदेकर नाही म्हणायचे नाहीत."

नलिनीबाई हादरल्या. "म्हणजे तिथंही माणसं ठणठणीत राहणार, आणि श्रद्धांकच खरा ठरणार! मग तिसऱ्या वस्तीलासुद्धा टाकी मिळणार नाही, धुरी!"

"तिसऱ्या वस्तीतही बर्फ काढायला कुणीतरी लागेलच ना? त्याला सांगून ठेवू."

"आणि खरं कारण? ते कधीच कुणाला कळायचं नाही?"

"तुम्ही सांगत राहा. तोवर माणसं जगायला हवीत," धुरी म्हणाले. "थर किती जाड लागेल तेवढं बोला."

आयुष्यभर एकही आकडा नलिनीबाईंनी चुकीच्या कारणासाठी कुणाला दिला नव्हता. त्यांनी वर छताकडे पाहिलं, मग धुरींकडे.

"दोन मीटर," त्या शेवटी वैतागून म्हणाल्या. "बोटभरही कमी नको. आणि कुणी विचारलंच, तर शास्त्रात तसं सांगितलंय म्हणावं."