स्वगत कुणी ऐकायचं नसतं

पटो न पटो, हे माझ्यासमोर घडलंय. रविवार होता. दुपारचा प्रयोग, नाट्यगृह जवळपास भरलेलं.

मी आमच्या नाटकाचा कपडेपट सांभाळायचे. नाटक भावजींचं, नायकही तेच. नायिका आधी माझी ताई होती. मागच्या वर्षी ती मेकअप रूमच्या जिन्यावरून पडली आणि गेली. पाय घसरला, असं भावजी म्हणाले. रडले तर असे, की त्या बाबतीत त्यांचा हात कोण धरणार!

वर्ष व्हायच्या आत नवी बायको आली. ताईची भूमिका तिला, ताईची निळी शालही तिलाच.

त्या दिवशी भावजींनीच मला बाहेर पिटाळलं. "शाल उजेडात कशी दिसते, समोर बसून बघ जरा."

म्हणून मी पहिल्यांदाच प्रेक्षकांत बसले.

दुसऱ्या अंकात नायिकेचं स्वगत आहे. नवरा कप ओठाशी धरून तसाच थांबतो. प्रकाश फक्त तिच्यावर. ती मनातलं बोलते. ते शेवटच्या रांगेलाही ऐकू येतं, पण शेजारच्या नवऱ्याला नाही. नाटकात तसंच असतं.

नव्या बायकोनं स्वगत संपवलं. ओठ मिटले.

प्रकाश मात्र तिच्यावरून हलेना...

आणि आवाज आला.

"पाय घसरला नव्हता... पाठीवर हात होता."

ताईचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, जाडसर. लहानपणापासून ऐकलेला.



"त्याचाच हात... आता हिची पाळी."

नवी तशीच उभी. भावजींचा कप तसाच ओठाशी. दोघांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. "काय लिहिलंय हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रयोग संपताच मी आत धावले. विंगेत कुणीच काही ऐकलं नव्हतं. लाइटवाला शपथेवर सांगत होता, की त्यानं प्रकाश वेळेवर बदलला होता. भावजी खुशीत. "आज स्वगताला टाळी? कधी नव्हे ते!"

मी नवीला वर मेकअप रूममध्ये गाठून सगळं सांगितलं. ती फिदीफिदी हसली आणि नवऱ्यालाच हाक मारली. "अहो, ऐकलंत का? हिला भुतं ऐकू येतायत! म्हणे, तुम्ही ढकललंत!"

भावजी वर आले. हसले नाहीत.

माझ्याकडे बघत राहिले. मग तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चल. जिना जपून उतर हं."

त्याच संध्याकाळी माझं काम गेलं. पोलिसांना काय सांगू? नाटकात ऐकलं म्हणून? वेड्यात काढतील मला.

आता मी तिकीट काढून समोर बसते. ताई प्रत्येक प्रयोगाला बोलते. मागच्या वेळी एकच वाक्य बोलली...

"तिला सांग ना गं."

सांगितलं गं ताई. जीव तोडून सांगितलं. आता ती माझा फोनही उचलत नाही.

टाळ्या मात्र त्या वाक्यालाही पडल्या.