पाण्याच्या खाचेतल्या रेघा

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, तिला चिकटलेल्या पेशींतून डीएनए काढायचा, मशीनमध्ये त्याच्या प्रती वाढवायच्या आणि जेलच्या वडीतल्या खाचेत सोडायचा. वीज लावली की तो वडीतून पुढं सरकतो आणि निळ्या दिव्याखाली रेघा चमकतात. शेजारच्या खाचेत डीएनए नसलेलं नुसतं पाणी जातं. तिथं काहीही दिसता कामा नये. धाराशिवच्या आमच्या विभागात हे पहिल्या वर्षाची पोरंही करतात. मी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझ्या पाण्यात रेघा येत होत्या.

"हात धुतेस का नाही गं, दैवशाला?" मार्तंड सर सगळ्यांसमोर म्हणाले. "गोठ्यातून थेट येतेस की काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळकोटला आमच्या म्हशी आहेत, म्हणून मला पिपेट धरता येत नाही? मी पाण्याची नवी बाटली फोडली, नवे हातमोजे घातले, नाकाला झिणझिण्या येईपर्यंत टेबल स्पिरिटनं पुसलं. रेघा आल्या. मग सरांनी स्वतः करून पाहिलं, पाणी कोरं निघालं. त्याच बाटलीतून त्यांच्या डोळ्यांदेखत मी केलं, पुन्हा रेघा. सरांनी वडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि थोडे मागं सरकले.

"पाणी कोरं निघाल्याशिवाय प्रोजेक्टवर सही करणार नाही," एवढंच बोलले.

सही नाही म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. अण्णांनी आधीच बजावलं होतं, "पास झालीस तर पुढं शिक. न्हाय तर मुरुमचं स्थळ."

त्या रेघा कुणाच्या, ते मी शोधायला लागले. माणसाच्या रेघा जोडीनं येतात, एक आईकडची, एक बापाकडची. पाण्यातल्या प्रत्येक जोडीत एक रेघ माझी होती. दुसरी विभागातल्या कुणाशीच जुळेना. घरी जाऊन आई-अण्णांच्या गालांतूनही काडी फिरवून आणली. त्यांच्याशीही जुळेना.

रविवारी मुरुमची माणसं आलीच. निकालापर्यंत थांबायलाही कुणाला सवड नव्हती. मुलगा मल्हार, बियाणांचं दुकान चालवणारा. चहा पिता पिता तो हसला.

"डीएनएचं शिकता म्हणं. आमचा बी तपासा की. खोट निघाली तर सांगा."

सगळे खदखदून हसले. लग्नानंतर शिकू द्याल का, असं मीच विचारलं, तर त्याची आई म्हणाली, "बघू की. लई घाई कशाला?"

मला बघायला आलेल्या त्या माणसांत माझ्याकडं कुणीही बघत नव्हतं. त्याचा उष्टा कप मी आत नेला आणि काठावरून काडी फिरवली. तपासा म्हणाला होता ना? मग घे.

सोमवारी तीन खाचा शेजारी शेजारी भरल्या. माझी, पाण्याची, त्याची.

दिवा लावला.

पाण्यातल्या प्रत्येक जोडीत एक रेघ माझी होती. दुसरी त्याची.

मी स्टुलावर बसले. भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त संताप आला. माझा होकार अजून कुणी विचारलाही नव्हता आणि इथं लेकरू येऊन बसलं होतं!

तिथूनच अण्णांना फोन लावला.

"मला हे लग्न करायचं नाही. तुम्ही काहीही म्हणा."

अण्णा म्हणाले, "बरं. कळवतो त्यास्नी न्हाय म्हणून."

इतक्या सहज ऐकतील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी नवी वडी ओतली आणि सरांना मुद्दाम शेजारी उभं केलं. आता पाणी कोरं निघणार, याबद्दल मला शंकाच नव्हती.

दिवा लावला.

सर वडीवर वाकले.

पाण्यात रेघा होत्या. माझ्या होत्या तिथंच होत्या. जोडीच्या दुसऱ्या रेघा मात्र बदलल्या होत्या.

त्या मल्हारच्या नव्हत्या.

एप्रनच्या खिशात फोन वाजला. अण्णांचा आवाज खुशीत होता.

"मुरुमला न्हाय म्हणून कळवलं बघ, तुझ्या मनासारखं. आन् आत्ताच नळदुर्गचं एक स्थळ आलंय. रविवारी येऊ म्हणतेत."

माझी नजर वडीवरून हलेना.

"ऐकतीस का? तुझ्या आईनं कप बी काढून ठिवलेत."