तीन खिडक्यांतला चेहरा

स्क्रूमावशी म्हणजे जुन्या यंत्रांची डॉक्टरीण. शिवणयंत्र असो की भिंतीवरचं घड्याळ, बंद पडलं की लोक तिलाच हाक मारत. त्यामुळे निवृत्त मास्तरांचा निरोप आला तेव्हा ती पिशवीत पेचकस टाकून भर दुपारीच निघाली.

मास्तरांची बायको नुकतीच गेली होती. तिच्या खोलीत, कपाटामागे चादरीखाली एक यंत्र निघालं होतं. नाणं टाकायची फट, बाजूला लोखंडी दांडा, पुढे काचेच्या तीन खिडक्या.

"स्लॉट मशीन आहे हो, जुगाराचं," मावशी म्हणाली. "पण असलं कधी पाहिलं नाही."

एरवी चाकं शेजारी शेजारी असतात, त्यांवर फळं, घंटा. इथे मात्र खिडक्या एकाखाली एक. वरच्या चाकावर नुसते डोळे, मधल्यावर नाकं, खालच्यावर ओठ.

कारखान्याची पाटी कुणीतरी उखडलेली. मावशीने पायांच्या नक्षीचे, दांड्याच्या मुठीचे फोटो काढले आणि दिसेल त्या संग्राहकाचं डोकं खाल्लं. शेवटी एका म्हाताऱ्याकडे सर्कशीच्या तंबूचा जुना फोटो निघाला. तंबूच्या दाराशी हेच यंत्र!

"चेहरा जुळवायचा खेळ," तो फोनवर म्हणाला. "एकाच माणसाचे तिन्ही भाग जुळले की जिंकलात. फार बनलीच नाहीत. गिऱ्हाईकं घाबरून पळायची."

"घाबरून? ते का?"

"ओळखीचे चेहरे यायचे म्हणे... गेलेल्यांचे."

मावशीने ते हसण्यावारी नेलं. मास्तरांकडे जाऊन चाकं सोडवली, पुसली, एकूण एक चित्र निरखलं. राजा, विदूषक, मिशीवाला पहिलवान. रंग उडालेली साधी चित्रं. यंत्र पुन्हा जोडून तिने मास्तरांना सगळं सांगितलं.

मास्तरांनी यंत्राच्या दांड्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "आमची मुलगी शाळेत जायच्या आधीच गेली. तेव्हापासून ही रोज दुपारी इथे दार लावून बसायची. म्हणायची, पोर भेटते. डॉक्टर म्हणाले, दुःखाने डोक्यावर परिणाम झालाय. तिला खरंच वेड लागलं होतं का, एवढंच मला सांगा."

"मास्तर... त्यात लहान मुलाचं चित्रच नाही."

त्यांनी मान हलवली. खिशातलं नाणं फटीत टाकलं आणि दांडा ओढला.

चाकं घरघरली. वर दोन थकलेले डोळे थांबले. मग नाक, शेजारी तीळ. मग किंचित हसणारे ओठ.

"अगं..." मास्तरांनी काचेवर तळवा टेकला.

बाहेरच्या खोलीतल्या हार घातलेल्या फोटोत मावशीने हीच बाई पाहिली होती. मावशीच्या अंगावर काटा आला, पण तिने त्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला.

"नाही हो," ती कशीबशी म्हणाली. "त्यांना वेड नव्हतं."

मास्तर लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी एक नाणं तिच्या हातात ठेवलं. "तुमचंही कुणी असेलच की."

मावशीला आई आठवली. शेवटच्या वेळी भेट राहूनच गेली होती. मन आवरेना. तिने दांडा ओढला.

वर डोळे थांबले. डाव्या भुवईत जुनी खोक. हे आईचे डोळे नव्हते. मावशीला नजर वळवायची होती, वळेना. नाक आलं. ओठ आले... अर्धवट उघडे.

तिचा मुलगा. परगावी नोकरीला असलेला, सकाळीच तिच्याशी बोललेला.

तिने त्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली... वाजत राहिली...

"काय गं आई?"

मावशीने फोन कानाशी घट्ट धरला. "बरा आहेस ना रे?"

"मला काय धाड भरलीय! पण तू सारखी सारखी फोन का करतेस? पाच मिनिटांपूर्वीही केलास. नुसती रडत होतीस. मी किती हाका मारल्या, आई, आई म्हणून... तुला माझा आवाजच ऐकू येत नव्हता."