ओळ आधी येते

हे वाचून तुम्ही हसलात तरी चालेल. तुमच्या जागी असते तर मीही हसले असते.

पण यातला शब्द न् शब्द खरा आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे... आणि आत्ता तो शेजारच्या खोलीत बसला आहे.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याकडे जे आलं ते भर दुपारी आलं. मागच्या उन्हाळ्यात. ऑफिसात पंखा कुरकुरत होता, खालच्या चष्म्याच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं, आणि वर मी एकटी होते.

आधी आमचं काम सांगते. कंटाळवाणं आहे, पण थोडक्यात उरकते.

कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायच्या ज्या भाषा असतात, त्यातली एक दादानं तयार केली. माणसानं लिहिलेलं मशीनला थेट कळत नाही, मधे एक दुभाषी लागतो. तो आपण लिहिलेल्याच्या बारीक बारीक आज्ञा करतो, आणि त्या चालवायला मशीनच्या पोटात आणखी एक खोटं मशीन असतं. तो दुभाषी आणि ते खोटं मशीन सांभाळायचं, दुरुस्त करायचं, पळतं ठेवायचं, हे आमचं पोटापाण्याचं काम. आम्ही तिघं. दादा, मी आणि मास्तर. मास्तर कुठे शिकवत वगैरे नाही. येताजाता सगळ्यांच्या चुका काढतो, म्हणून मास्तर.

उन्हाळा सुरू होताना दादा टेबलाशीच कोसळला. मेंदूत रक्तस्राव.

तेव्हापासून तो हॉस्पिटलात होता. डोळे मिटलेले. श्वास मशीनचा. उशाशी वहिनी.

एक दिवस डॉक्टरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. भला माणूस. आधी पाण्याचे ग्लास पुढे केले, मग म्हणाले, "ते परत येतील असं मला वाटत नाही. मशीन कुठवर चालू ठेवायचं, ते आता घरच्यांनी ठरवायला हवं."

वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "तू सांग."

मी म्हटलं, "तू सांग."

आम्ही तशाच उठून बाहेर आलो.

मी कामात डोकं खुपसलं. दुसरं करणार काय? घरी गेलं की भिंती खायला उठायच्या.

आमच्या त्या खोट्या मशीनमध्ये एक जुनी आज्ञा होती. दादानं अगदी सुरुवातीला घातलेली. ती आली की चालू प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो आणि ताबा बाहेरच्या कुणाच्या तरी हातात जातो. बाहेरचा त्याच्याकडून हवं ते करून घेतो, मग प्रोग्रॅम पुढे चालू. त्या काळी चुका शोधायला दादा ती वापरायचा. आता चांगली साधनं आली होती. ही आज्ञा नुसती वाटेत पाय पसरून बसली होती, आणि तिच्यामुळे सगळंच रेंगाळायचं. मास्तर कधीचा माझ्या मागे लागला होता, "काढून टाक गं बाई एकदाची."

पण आमच्या धंद्यात कुठलीही गोष्ट अशी एकदम काढत नाहीत. आधी इशारा ठेवतात. कुणी ती आज्ञा वापरली की पडद्यावर एक ओळ उमटते, की बाबा रे, ही लवकरच जाणार आहे. मग थोडे दिवस वाट बघायची. कुणी कुरकुर केली नाही, की लावायची कात्री.

मी इशारा घातला. कुणाची कुरकुर आली नाही.

आणि त्या दुपारी...

कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर ओळ उमटली.

तो लॅपटॉप चाचणीचा. त्यावर एक साधा प्रोग्रॅम दिवसभर फिरत ठेवलेला असतो, बाकी काही नाही. त्यात ती आज्ञा नव्हतीच. प्रोग्रॅम मीच लिहिलेला, त्यामुळे त्यात काय आहे ते मला तोंडपाठ.

असं झालं की आम्ही एकच प्रश्न विचारतो. हिला बोलावलं कुणी? प्रत्येक आज्ञेला कुणीतरी बोलावलेलं असतं. त्याला आणखी कुणीतरी. ती सगळी साखळी मशीन दाखवतं.

मी साखळी काढली.

खाली आज्ञा होती. तिच्या वर, बोलावणाऱ्याची जागा...

रिकामी.

परत काढली.

रिकामी.

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी. तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हते.

"अगं... ह्यांची पापणी हलली. आत्ता. मी बघितली!"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. अंगावर सरसरून काटा आला. भीतीचा नव्हे हं. आशेचा. तो जास्त वाईट असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

लॅपटॉप पिशवीत घातला आणि हॉस्पिटल गाठलं.

दादाच्या पलंगाशी बसले. लॅपटॉप मांडीवर, प्रोग्रॅम फिरता. पडदा कोरा. वहिनी काही विचारायच्या मनःस्थितीत नव्हती, ती नुसती त्याचा तळवा चोळत होती.

मी वाकून म्हटलं, "दादा, ऐकतोयस का रे?"

काही नाही.

"दादा..."

ओळ उमटली.

त्याची पापणी हलली.

मी ढसाढसा रडले. नर्स धावत आली, तिला वाटलं संपलं सगळं. मी वहिनीला गदागदा हलवत म्हटलं, "तो आहे! अगं, तो आत आहे, आणि तोच आपल्याला बोलावतोय!" साखळीतली ती रिकामी जागा दादाची, असं मी तिथल्या तिथे ठरवूनच टाकलं. हॉस्पिटलच्या मशीनमध्ये आमच्या भाषेची एक ओळही नव्हती, ते मी विचारून घेतलं होतं. पण म्हणून काय झालं? त्याचीच भाषा ना ती? त्यालाच नाही सापडणार त्यात वाट, तर कुणाला?

डॉक्टर म्हणाले, "पापण्या आपोआपही हलतात. फार मनावर घेऊ नका."

आम्ही घेतलं. मशीन बंद करायचं नाही, असं दोघींनी एका सुरात सांगितलं. एवढे दिवस एकीच्याही तोंडातून न निघालेला निर्णय एका ओळीनं करून टाकला.

मग बोट हललं. मग हात. मग एका सकाळी दादानं डोळे उघडले. नळी काढली, तर तो स्वतःचा श्वास घेत होता. डॉक्टर त्याची कागदपत्रं पुन्हा पुन्हा उलटून बघत होते. घरी सोडलं त्या दिवशी ते दारापर्यंत आले आणि दादाकडे बघतच राहिले.

लॅपटॉप मी बंद केला नाही. वेडेपणा म्हणा. त्याच्याबरोबर तोही दादाच्या घरी आणला, आणि तिथूनच काम करायला लागले.

दादा चालत होता. जेवत होता. टीव्ही बघून हसत होता. वहिनी पुन्हा केस नीट विंचरायला लागली.

मग एक दुपार अशी आली... की ती आली नसती तर बरं झालं असतं.

दादा समोर खुर्चीत चहा घेत होता. लॅपटॉप माझ्यापुढे. मी सहज बघत होते, कौतुकानंच.

ओळ उमटली... दादानं कप उचलला.

ओळ उमटली... त्यानं मान वळवली.

ओळ उमटली... "चहा छान झालाय," दादा म्हणाला.



ओळ आधी येत होती.

दर वेळी आधी. हॉस्पिटलातही आधीच आली होती. मी बघितली होती, आणि तरी मला दिसली नव्हती. दादा हलतो म्हणून ओळ येते, असं मी धरून चालले होते. ते उलटं होतं. ओळ येते, म्हणून दादा हलतो.

म्हणजे ती रिकामी जागा दादाची नव्हती. तो साखळीत खाली होता. कुणीतरी त्याला थांबवत होतं, ताबा घेत होतं, हवं ते करून घेत होतं.

कोण?

जागा रिकामी होती. अजून आहे.

मी मास्तरला बोलावून घेतलं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत होता, मग दादाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझी चूक काढली नाही.

"बंद करून बघ," तो हळूच म्हणाला.

"तू कर."

त्यानं बॅग उचलली. चप्पल घातली की नाही, तेही मला आठवत नाही. त्यानंतर तो या घराची पायरी चढलेला नाही.

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. दादाच्या हातात दुसरा चहा होता. मी त्याच्यासमोर बसले. लॅपटॉपचं बटण दाबून धरलं.

पडदा काळा झाला.

दादा थांबला. कप ओठांपासून दोन बोटांवर. डोळे उघडे. पंख्याच्या वाऱ्यानं त्याच्या कपाळावरचे केस तेवढे हलत होते.

"दादा?"

काही नाही.

मग ओठ हलले. खूप हळू. आतून कुणीतरी जड दार ढकलत असावं, तसे.

"चिंगे..."

घरी आल्यापासून त्यानं मला या नावानं एकदाही हाक मारली नव्हती. हे मला त्या क्षणी कळलं. लहानपणापासून तो मला दुसरं काही म्हणालाच नव्हता, आणि इतके दिवस माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"चिंगे... मी बघतोय सगळं... आतून. परत... चालू करू नकोस."

"दादा, अरे कोण आहे ते? कोण?"

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग त्याची छाती थांबली.

ओठ निळे पडायला लागले. कप हातातून सुटून फुटला. दारात वहिनी उभी होती, खांद्यावर ओला टॉवेल. ती कधी आली मला कळलं नाही. ती किंचाळली नाही. धावत येऊन माझ्या पायांशी बसली आणि माझे गुडघे धरले.

"चालू कर. तुझ्या पाया पडते. चालू कर ते."

"वहिनी, अगं तो..."

"चालू कर!"

मी बटण दाबलं.

जुना लॅपटॉप. सुरू व्हायला त्याला युग लागतं. मी एका हातानं दादाचा गाल थोपटत होते, दुसऱ्या हातानं प्रोग्रॅम चालवायला धडपडत होते, चुकीचीच बटणं दाबली जात होती. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मशीनची अशी विनवणी मी कधी केली नव्हती.

ओळ उमटली.

दादानं खोल श्वास घेतला. आमच्याकडे बघून हसला.

"काय गं, रडताय काय दोघी? कपच तर फुटला."

संध्याकाळी स्वयंपाकघरात वहिनी पाठमोरी उभी राहून भांडी पुसत होती. मी सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

"मला कळलं नाही असं वाटतं तुला? शेजारी झोपते मी ह्यांच्या. झोपेत माणूस कूस बदलतो गं. हे बदलत नाहीत. जसे आडवे होतात, तसेच सकाळपर्यंत."

"मग?"

"मग काय? सकाळी उठून बसतात ना? माझ्याकडे बघून हसतात ना?"

"वहिनी, दादा आत आहे. त्याला सगळं दिसतंय. तो मला म्हणाला..."

"मी दारातच होते," वहिनी म्हणाली. "ऐकलं मी, ते काय म्हणाले."

आणि ती भांडी पुसत राहिली.

पुढे मास्तरनं नव्या आवृत्तीतून ती आज्ञा काढून टाकली. सगळ्यांचे प्रोग्रॅम भराभर धावायला लागले. लोकांनी कौतुकाची पत्रं पाठवली, ती माझ्याही नावानं आली. जुनी आवृत्ती आता जगात एकाच ठिकाणी चालते, या घरात.

रोज मी ठरवते, आज बंद करायचं. दादानं स्वतः सांगितलंय, आणखी काय हवं? बोट बटणापर्यंत जातं. मग त्याचे निळे ओठ आठवतात. वहिनीचे हात गुडघ्यांवर जाणवतात. बोट परत येतं. मी भित्री आहे. मला माझा भाऊ हवा आहे, आणि मी त्यालाच आत कोंडून ठेवलं आहे.

काल वहिनी एक नवाकोरा लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "तो बिचारा जुना झाला. एखाद दिवशी आपणहून बंद पडला तर? यावरही ते घालून दे."

मी घालून दिलं.

दादा खुर्चीत बसून आमच्याकडे बघत होता. नको म्हणाला नाही.

म्हणणार कसा?