तिसऱ्या ताटातला रिपोर्ट

यात माझी स्वतःची अब्रू जाते. तरी सांगतेय, यावरून काय ते समजा. खोटंच रचायचं असतं तर मी स्वतःला जरा बरी दाखवली असती.

एप्रिल १९९४. बुधवार. ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळची एक पॅथॉलॉजी लॅब. नाव सांगत नाही. वेळ दुपारी दीड ते चार.

हो, भर दुपारी. बाहेर कंडक्टर ओरडत होते आणि ऊन नुसतं भाजत होतं.

मी सुमेधा. तेव्हा सव्वीस वर्षांची, डोंबिवलीत नवऱ्यासोबत राहायचे. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. आम्ही नेटवर्क कार्डं बनवायचो. दोन कॉम्प्युटर वायरने जोडायचे तर आत जी पट्टी बसवतात ना, ती. ती पट्टी चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. तो मी लिहिलेला. एकटीने. त्याचा मला भलताच माज होता.

लॅबच्या मागच्या खोलीत मॅग्डलीन आंटी बसायची. माजिवड्याची, पंचेचाळीशीची, नवरा वारलेला. तपासणीचे निकाल वहीत बघून ती कॉम्प्युटरवर टाईप करायची. ते वायरीतून पुढच्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर जायचं आणि तिथे प्रिंट निघायची.

तक्रार अशी होती, की रिपोर्टांच्या खाली भलत्याच ओळी येतात. नाव बरोबर, वय बरोबर, आणि खाली दुसऱ्याचंच काहीतरी.

लॅबच्या मालक डॉक्टरांनी एक कागद माझ्यापुढे टाकला. लग्न ठरलेली मुलगी. साधी रक्ताची तपासणी. खाली इंग्रजीत छापलेलं...

पू. घाण वास. अळ्या दिसल्या.

दुसरा कागद. आठ महिन्यांचं बाळ. खाली...

पू. घाण वास. अळ्या दिसल्या.

असे अकरा कागद. मी आधीच नाक दाबून बसलेले, कारण मागे टेबलावर लोकांच्या थुंकीच्या डब्या ओळीने मांडलेल्या होत्या.

"बाई झोपेत टाईप करते," डॉक्टर म्हणाले. "जुनं पुसतच नाही. तुम्ही मशीन तपासा. मशीन ठीक निघालं तर मी हिला आजच काढतो."

ते जेवायला घरी गेले. शटर अर्धं खाली ओढलं. आत मी आणि आंटी, दोघीच.

आंटी रडत नव्हती. ताठ बसलेली. म्हणाली, "नोकरी जाऊ दे गो. मला फक्त एक खरं सांग. ही ओळ दगडाबाईची आहे."

"कोण दगडाबाई?"

"चेंदणीच्या कोळीवाड्यातली. मासे विकायची. ऑक्टोबरात आलेली, डाव्या पायात शिंगाळा माशाचा काटा घुसलेला. मी वहीतलं बघून टाईप केलं. पू, अळ्या, सगळं. पण काउंटरवर तिला कागद मिळाला त्यात 'काही नाही' असं छापलेलं. ती बिचारी घरी हळद लावत बसली. नोव्हेंबरात मेली. पाय सडून मेली."

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला.

"तिचा मुलगा आलेला. कागद माझ्या तोंडावर फेकला त्याने. पाच महिने मी झोपले नाही, सुमेधा. माझ्या हातून झालं का? मी मारलं का तिला? तू मशीन उघडून बघ आणि सांग."

मी म्हटलं, बघते.

आता जरा नीट ऐका, फार अवघड नाहीये. काउंटरच्या मशीनमध्ये आलेले मजकूर ठेवायला आठ जागा होत्या. आठ ताटं समजा. वायरीतून मजकूर आला की कार्ड तो एका ताटात वाढतं आणि घंटी देतं. माझा ड्रायव्हर घंटी ऐकून ताट उचलतो. पहिलं, दुसरं, तिसरं, आठव्यानंतर परत पहिलं. जेवून झालेलं ताट पुढच्यासाठी वाढायच्या आधी विसळायला हवं. मी ते विसळणं काढून टाकलेलं. मुद्दाम. तेवढाच वेग वाढायचा आणि आमचे साहेब कुंडलिक सर तो वेग जाहिरातीत छापायचे.

घरी मी दुसऱ्याच्या ग्लासाला तोंड लावत नाही. आणि इथे खरकट्या ताटात लोकांना वाढत होते.

तरी म्हटलं, वाढणं पूर्ण झालं की जुनं झाकलंच जातं. मग खालचं दिसेल कसं?

मी आठही ताटं झेड या अक्षराने भरून टाकली. नुसतं झेड झेड झेड. मग आंटीला म्हटलं, पाठव.

पहिलं ताट. वर आंटीने पाठवलेलं नाव. खाली झेड झेड झेड.

घंटी लवकर वाजत होती. कार्डाचं वाढणं संपायच्या आधीच माझा ड्रायव्हर ताट उचलत होता. अर्धं नवीन, अर्धं शिळं. चूक आंटीची नव्हती. ऑक्टोबरातही नव्हती. दगडाबाईचं नाव वाढून झालं, तेवढ्यात मी ताट उचललं, आणि खाली आधीच्या कुणाचंतरी 'काही नाही' तसंच राहिलं.

तिला मी मारलेलं.

दुसरं ताट. झेड झेड झेड.

तिसरं ताट...

पू. घाण वास. अळ्या दिसल्या.

मी डोळे चोळले. मशीन रोज संध्याकाळी बंद व्हायचं, बंद झालं की ताटांमधलं सगळं पुसलं जातं. त्यातून मी आत्ताच स्वतः झेड भरलेले. ही ओळ तिथे असूच शकत नव्हती.

आणि मग वास आला.

डेपोच्या गटाराचा नाही. माशांचाही नाही. गोडसर... कोमट... जखमेवरची पट्टी आठवडाभर सोडली नाही की येतो तो. माझ्या घशात बसला. मी रुमाल तोंडात कोंबला.

काउंटरवरून मी कुंडलिक सरांना फोन लावला. चूक आपली आहे म्हणून हळू आवाजात सांगितलं. दगडाबाईचंही सांगितलं.

सर म्हणाले, "अगं, दुरुस्त कर आणि तोंड बंद ठेव. माणूस मेलंय ना? मग तर नक्कीच बंद ठेव. टायपिंगची चूक म्हण आणि नीघ."

मी दुरुस्त करायला बसले. कार्ड 'झालं' म्हणेपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, आणि दर वेळी ताट विसळायचं. दोनच गोष्टी. अर्ध्या तासाचं काम. हे मी आधीच केलं असतं तर ती बाई आज बाजारात बसली असती.

दोनशे मजकूर पाठवून बघितले. स्क्रीनवर घंट्यांची मोजणी होती. दोनशे. एकूणएक ताट स्वच्छ.

मी मागे हात घालून वायर काढली. कार्ड मोकळं. आता त्यात काही येणं शक्यच नाही.

पच्...

ओलं फडकं फरशीवर टाकल्यासारखा आवाज. कुठून ते कळेना.

मोजणी... दोनशे एक.

"आंटी, काही पाठवलंस?"

"नाही गो. माझं मशीन बंद आहे. मी डबा खातेय."

पच्...

दोनशे दोन.

दोन्ही आवाज सारखे नव्हते. एक हलका, एक जड. मध्ये थांबायचा. मग परत. शटरच्या बाजूने काउंटरकडे.

एवढ्यात बाहेरचे आवाज बंद झालेले माझ्या लक्षात आले. कंडक्टर नाही. हॉर्न नाही. फक्त माश्या घोंघावत होत्या, आणि एकही माशी दिसत नव्हती.

पच्...

तिसरं ताट.

प्रिंटर सुरू झाला.

मी हात लावलेला नव्हता. कर्रकर्र करत कागद वर आला. दगडाबाई. वय बासष्ट. मुक्काम चेंदणी. तारीख १४ ऑक्टोबर १९९३. डाव्या पायाची जखम. पू. घाण वास. अळ्या दिसल्या. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या.

पुरा रिपोर्ट. ऑक्टोबरात निघायला हवा होता तो.

मी कागद फाडून हातात घेतला. खालची कड ओली होती. पिवळट. बोटांना चिकटली. चिकटली म्हणजे ताणली गेली, तार आली... शी.

आता माझ्या किळसवाणेपणाचं ऐका. तो कागद घेऊन मी आत गेले असते आणि आंटीला दाखवला असता, तर ती त्या रात्री झोपली असती. एवढंच तर मागत होती ती. मी काय केलं? चार तुकडे केले. वापरलेले हातमोजे आणि कापूस टाकतात त्या पिशवीत खोल कोंबले. मग मोरीत जाऊन ओकले.

चार वाजता डॉक्टर आले. बाहेर परत कंडक्टर ओरडायला लागलेले.

"काय निघालं?"

"कार्ड ठीक आहे," मी म्हटलं. "टायपिंगमध्ये चूक होत असावी."

असावी म्हटलं मी. तेवढीच काय ती लाज.

आंटी दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. डबा पिशवीत घातला, छत्री घेतली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. आणि शटरखालून वाकून गेली.

त्यानंतर लॅबमध्ये ती ओळ कधी आली नाही. कुंडलिक सरांनी मला बढती दिली. मी घेतली.

फेब्रुवारी ९५ मध्ये एका रविवारी मी माजिवड्याला गेलेले. राहवेना. दहा महिने जेवताना तो वास यायचा. ठरवलं, आंटीच्या पाया पडायचं आणि सगळं सांगून टाकायचं. तिला वाटतंय की तिने माणूस मारलं, ते तरी उतरवायचं.

आंटी ओट्यावर कोंबड्यांना दाणे टाकत होती. तब्येत सुधारलेली. हसली मला बघून. आत नेलं, खुर्ची दिली.

"आंटी, मी एक सांगायला आलेय. ती दगडाबाई..."

"माहीत आहे गो. तुझ्या मशीनची चूक होती."

मला वाटलं, डॉक्टरांना कळलं असेल. सरांनी कुठे तोंड उघडलं असेल. "कोणी सांगितलं?"

"तिनंच."

"दगडाबाईनं?"

"नाताळाच्या आधी आलेली. दुपारची," आंटी म्हणाली. अगदी साधेपणाने, शेजारीण आलेली सांगावं तसं. "तू बसलीस त्याच खुर्चीत बसली. म्हणाली, बाय, तुझं काय चुकलं नाय, तू बरोबर लिवलंस. त्या मशीनवालीनं माझा कागद अर्धाच उचलला. मंग पुरा दिला तर फाडला."

फाडला. ते कुणी बघितलेलं नव्हतं. आंटी तेव्हा आत डबा खात होती.

"त्या दिवसापासून मला झोप लागते," आंटी म्हणाली.

मांडीखाली खुर्चीतली उशी ओलसर लागत होती. मी उठले. उशीवर पिवळा डाग होता, हाताएवढा.

"चारदा धुतली," आंटी म्हणाली. "जातच नाही."

मग मी रडले. हात जोडले. आंटी, मला माफ कर म्हटलं, घाबरले होते, नोकरीचं बघितलं, चुकले.

आंटीने माझे जोडलेले हात खाली केले. मायेनेच.

"मला काय मागतेस? मला माझं मिळालं. ती येईल तेव्हा तिला माग."

"म्हणजे?"

"तुझं घर विचारत होती. तू दिलेलं व्हिजिटिंग कार्ड होतं माझ्याकडे, मागे घरचा पत्ता लिहिलेला. दिलं. म्हटलं, डोंबिवली लांब आहे गो, या पायाने कशी जाशील? तर म्हणाली, हळूहळू जाईन."

आम्ही त्यानंतर दोनदा घर बदललं. नवरा कारण विचारतो, मी पाण्याचा त्रास सांगते. दुपारी दीड ते चार मी घरात एकटी थांबत नाही.

अजून आलेली नाही.